रिमोटच्या रणगाड्याची तोफ मागे कशी सरकते? खेळण्याला 'खरा' धक्का देण्यामागचं गणित

रात्री झोपायच्या आधी तुम्ही रील बघत पडलाय. वाळूच्या ढिगावरून एक रणगाडा चढून येतो. वरचं डोकं सावकाश फिरतं. नळी एका जागी थांबते. धाडकन आवाज, तोंडाशी लख्ख उजेड, नळी खाडकन आत जाते आणि मग संथपणे बाहेर येते. सगळा रणगाडा मागच्या बाजूला एकदा दबतो आणि सावरतो.

तुम्ही म्हणता, कुठल्या तरी देशाच्या लष्कराचा सराव दिसतोय. आणि तेवढ्यात मागून एक मांजर येऊन रणगाड्याचा वास घेतं. मांजर रणगाड्यापेक्षा मोठं!

हा होता रिमोट कंट्रोलवरचा मॉडेल टँक. छंद म्हणून असे टँक बनवणारे लोक जगभर आहेत. पण प्रश्न असा आहे, की मांजर येईपर्यंत आपण फसलो कशामुळे? रंगामुळे, पट्ट्यांमुळे, चिखलामुळे, हे सगळं आहेच. पण खरी फसवणूक होते ती त्या एका सेकंदात, तोफ डागल्यावर नळी मागे जाते तेव्हा. याला म्हणतात रिकॉइल.

गंमत अशी की खऱ्या रणगाड्यात हा धक्का जिरवायचा कसा, यासाठी इंजिनिअर लोकांनी डोकं खपवलं. आणि मॉडेलमध्ये मुळात धक्काच नसतो, तो आपल्याला तयार करावा लागतो. म्हणजे काम बरोबर उलटं.

हे सगळं मला पुस्तकातून नाही, गणपतीच्या देखाव्यातून कळलं. आधी तो किस्सा सांगतो.

मंडळाचा देखावा आणि शिलाई मशीन

आमच्या साताऱ्यातल्या गल्लीच्या मंडळानं एका वर्षी हलता देखावा ठरवला. विषय होता १९६५ चं युद्ध, असल उत्तरची लढाई. पंजाबात खेमकरणजवळ झालेल्या या लढाईत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या सैन्यानं अडवले. जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडणारे वीर अब्दुल हमीद याच लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

तर देखाव्यात एका बाजूला जीप, दुसऱ्या बाजूनं रिमोटवर चालत येणारा पॅटन. पॅटन सनबोर्ड कापून घरीच बनवायचा, खालचं चालणारं अंग एका बंद पडलेल्या आरसी टँकचं घ्यायचं. इलेक्ट्रॉनिक्सचं काम माझ्याकडे आणि डिप्लोमा करणाऱ्या एका मित्राकडे आलं. का, तर मी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले होते.

आम्ही सर्वो मोटर लावली, नळी मागे-पुढे केली, आवाज जोडला. मंडपात ट्रायल घेतली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. गल्लीतले आबा मागे उभे होते. आबा म्हणजे रणगाडा दलातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले, निम्मी नोकरी विजयंता टँकवर. ते पुढे आले, एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाले,

"पोरांनो, ही तोफ हाय का शिलाई मशीन?"

आमची नळी जेवढ्या वेगानं मागे जात होती, तेवढ्याच वेगानं पुढे येत होती. खट-खट. सुईसारखी.

"आरं, जाताना झटक्यात जाती, येताना दमानं येती. तिला माघारी ढकलायला बारूद असती. पुढं आणायला बारूद कुठाय?"

बास. अख्खा विषय त्या एका वाक्यात आहे. आता तो जरा नीट उलगडून बघू.

खऱ्या तोफेची नळी मागे का जाते?

गोळा पुढे जातो म्हणून तोफ मागे जाते. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत झालाय.

जुन्या तोफांमध्ये नळी गाड्याला घट्ट बांधलेली असायची. बार उडाला की अख्खी तोफ चाकांसकट मागे पळायची. मग ती ढकलून जागेवर आणा, पुन्हा नेम धरा, पुन्हा डागा.

हे बदललं १८९७ साली. फ्रान्सनं ७५ मिलिमीटरची एक तोफ आणली, जिची फक्त नळी मागे सरकायची, गाडा जागेवरच राहायचा. नळीखाली तेल आणि दाबलेली हवा भरलेली यंत्रणा होती. ती नळीचा वेग खायची आणि मग तिला परत जागेवर आणायची. नेम हलत नसल्यामुळे ही तोफ मिनिटाला १५ गोळ्यांपर्यंत मारा करू शकायची. पुढे रणगाड्यांच्या तोफांनीही हीच कल्पना उचलली.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, बेरीज-गुणाकार एवढंच आहे. पॅटनऐवजी इथं दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर घेतो. एक तर त्याचे आकडे पक्के माहीत आहेत आणि दुसरं, आरसी मॉडेलच्या दुनियेत तो हमखास दिसणारा टँक आहे.

टायगरची तोफ ८८ मिलिमीटरची. तिचा चिलखतभेदी गोळा १०.२ किलोचा, बाहेर पडताना वेग सेकंदाला ७७३ मीटर. तोफेचं वजन साधारण १३०० किलो. १०.२ गुणिले ७७३ भागिले १३००. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ६ मीटर. म्हणजे तेराशे किलोचं लोखंड ताशी २०-२२ किलोमीटरच्या वेगानं मागे निघतं. जळलेल्या बारूदाच्या वायूंचा धक्का यात धरलेलाच नाही.

आणि हे लोखंड थांबवायला जागा किती? अर्ध्या मीटरपेक्षा जरा जास्त. मागे टरेटमध्ये माणसं बसलेली असतात. टरेट म्हणजे वरचं फिरणारं डोकं.

नळी घट्ट बांधलेली असती तर काय झालं असतं? गोळा नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात सरासरी ७५ टनांच्या आसपास जोर टरेटच्या सांध्यांवर आला असता. नळीला मागे सरकू दिलं की तोच धक्का पंधरा-वीस पट जास्त वेळात वाटला जातो आणि जोर चार-साडेचार टनांवर येतो.

क्रिकेटमध्ये उंच कॅच घेताना आपण हात मागे घेतो, ते यासाठीच. हात ताठ ठेवले तर बोटं सुजतात.

पुढची गोष्ट परत येण्याची. टायगरमध्ये यासाठी दोन नळकांडी होती. एकात तेल, ते मागे जाणारी नळी थोपवायचं. दुसऱ्यात दाबलेली हवा, ती नळीला पुन्हा पुढे ढकलायची. पुढे येणं मुद्दाम संथ ठेवतात, नाहीतर तेराशे किलो पुन्हा पुढच्या टोकावर आदळतील. आबांचं 'दमानं' म्हणजे हेच.

मग जीपवरच्या तोफेचं काय?

आमची दुसरी चूक इथं झाली होती. टँकला रिकॉइल दिलं तसं उत्साहाच्या भरात जीपवरच्या तोफेलाही दिलं. आबांनी कपाळावर हात मारला.

वीर अब्दुल हमीद यांच्या जीपवर होती १०६ मिलिमीटरची 'रिकॉइललेस' तोफ. नावातच आहे, धक्का नाही. हिच्या मागच्या बाजूला वायू बाहेर जायला वाटा असतात. गोळा पुढे जातो, तप्त वायू जोरात मागे जातात, दोन्हीकडचा हिशेब फिटतो आणि नळी जागेवर राहते.

म्हणून तर ती जीपवर बसते. तिचं वजन सुमारे २०० किलो. टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ १३०० किलोची, तीही टँकच्या चिलखताशिवाय. तेवढी तोफ जीपवर ठेवून डागली तर जीपचं काय होईल, याची कल्पना करा.

पण याची किंमत असते. मागून निघणाऱ्या झोतामुळे धूळ उडते आणि शत्रूला जागा कळते. म्हणून डागायचं आणि लगेच जागा बदलायची. पॅटनच्या समोर उघड्या जीपमध्ये हे करायला काय काळीज लागत असेल, हे देखावा बनवताना पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

थोडक्यात, देखाव्यात जीपची नळी हलायला नको होती. तिच्या मागे उजेड आणि धूर हवा होता. आम्ही ते बदललं.

मॉडेलमध्ये आकार छोटा होतो, वेळेचं काय?

रिमोटवरच्या मोठ्या मॉडेल टँकचं लोकप्रिय माप आहे १/१६. जपानची तामिया आणि चीनची हेंग लाँग या कंपन्यांचे टँक याच मापात मिळतात. तामियाच्या महागड्या किटमध्ये आवाज, उजेड आणि मागे सरकणारी नळी हे सगळं आधीच येतं. हेंग लाँगचे स्वस्त टँक घेऊन त्यात आपलं इंजिन-आवाज-रिकॉइल बसवणारेही खूप आहेत.

टायगरची लांबी तोफेसकट जवळपास साडेआठ मीटर. १६ नं भागा, ५३ सेंटिमीटर. नळी मागे सरकते अर्धा मीटर आणि थोडी वर, म्हणजे मॉडेलमध्ये ३ ते साडेतीन सेंटिमीटर.

वजन मात्र १६ नं भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी झाल्या, म्हणजे १६ गुणिले १६ गुणिले १६, एकूण ४०९६. टायगर ५७ टनांचा, तर मॉडेल १४ किलोचं हवं. प्लॅस्टिकचं मॉडेल यापेक्षा खूपच हलकं असतं. म्हणूनच स्वस्तातला आरसी टँक खड्ड्यावरून बेडकासारखा उड्या मारत जातो. त्याच्या पोटात शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे भरले आणि स्प्रिंग मऊ केल्या की चाल लगेच भारदस्त होते.

आता वेळ. एखादी वस्तू १६ मीटरवरून पडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या एक चतुर्थांश वेळ १ मीटरवरून पडायला लागतो. उंची १६ पट कमी, वेळ ४ पट कमी. कारण ४ चा वर्ग १६. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी वेगळं होत नाही ना! त्यामुळे छोटा टँक दबतो, डुलतो, सावरतो ते सगळं खऱ्यापेक्षा साधारण चौपट भराभर होतं. आपला डोळा हे पकडतो आणि म्हणतो, 'हे खेळणं आहे.'

मग रीलवाले काय करतात? मोबाईलचा स्लो मोशन. १२० फ्रेम्सला शूट करून ३० फ्रेम्सला दाखवलं की वेळ बरोबर चौपट ताणला जातो. १/१६ मॉडेलला हवा तेवढाच! सिनेमावाले छोट्या प्रतिकृती जास्त फ्रेम्सला शूट करत आलेत, ते याच कारणानं. मांजर येईपर्यंत आपण फसलो होतो, त्यामागे हे गणित होतं.

यातूनच बनवणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो. टँक डोळ्यांनी बघायचाय की कॅमेऱ्यातून?

पद्धत पहिली : सर्वो मोटर

सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी छोटी मोटर. तिच्या डोक्यावरच्या दांड्याला एक तार जोडायची, तारेचं दुसरं टोक नळीला. दांडा फिरला की नळी सरकते.

दांडा किती लांब हवा? सर्वो ९० अंश फिरवली तर नळी दांड्याच्या लांबीच्या १.४ पट सरकते. म्हणजे साडेतीन सेंटिमीटर हवे असतील तर अडीच सेंटिमीटरचा दांडा. टरेटमध्ये एवढी जागा नसेल तर सरकणं दोन-अडीच सेंटिमीटरवर आणा. डोळा तक्रार करत नाही.

एमजी९०एस ही सर्वो काही शे रुपयांत मिळते. ६० अंश फिरायला तिला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे ९० अंशांना ०.१५ सेकंद. समोर उभं राहून बघणाऱ्याला हे झटक्यात वाटतं.

शिलाई मशीन होऊ नये म्हणून मध्ये आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बसवायचा. त्याला दोनच गोष्टी शिकवायच्या. मागे जाताना सर्वोला थेट शेवटचा कोन सांग. पुढे येताना एक-एक अंश सांग आणि प्रत्येक अंशानंतर सेकंदाचा शंभरावा भाग थांब. ९० अंश म्हणजे ०.९ सेकंद. झाली नळी 'दमानं' येणारी. आमच्या पॅटनमध्ये शेवटी हेच केलं.

पण हाच टँक स्लो मोशनमध्ये शूट केला की पितळ उघडं पडतं. ०.१५ सेकंदाचे झाले ०.६. नळी आळस दिल्यासारखी मागे जाते. कॅमेऱ्यासाठी ती सेकंदाच्या विसाव्या भागात मागे जायला हवी.

पद्धत दुसरी : स्प्रिंग आणि गोगलगाय

इथं गणपतीचे देखावे करणारे मिस्त्री कामाला येतात. हलत्या देखाव्यात राक्षसाचा हात हळूहळू वर जातो आणि धपकन खाली येतो, बघितलंय ना? त्याच्यामागे एक चाक असतं. ते गोल नसतं, गोगलगायीच्या शंखासारखं असतं. कडा मध्यापासून हळूहळू लांब जाते आणि एका जागी एकदम पायरी पडते. याला कॅम म्हणतात.

आपल्या तोफेत हाच कॅम वापरायचा. नळीला मागे ओढणारी एक स्प्रिंग लावायची. कॅम तिच्या विरुद्ध नळीला पुढे रेटून धरतो. ट्रिगर दाबला की मोटर फिरते, कॅमची पायरी येते, आधार सुटतो आणि स्प्रिंग नळीला खाडकन मागे ओढते. मोटर फिरत राहते, कॅमची कडा नळीला पुन्हा संथपणे पुढे रेटते. पायरीच्या जरा अलीकडे एक मायक्रोस्विच ठेवायचा, तो मोटर थांबवतो. तोफ पुढच्या बारासाठी तयार.

जाताना झटक्यात, येताना दमानं. कोणताही प्रोग्राम न लिहिता! एन२० नावाची छोटी गिअर मोटर मिनिटाला ६० फेऱ्यांची घेतली तर नळी साधारण एका सेकंदात पुढे येते. समोरून बघायला हे छान. कॅमेऱ्यासाठी मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपासची घ्या, स्लो मोशनमध्ये तीच संथ दिसेल.

एक त्रास आहे. नळी मागे आदळते तेव्हा 'टक' असा प्लॅस्टिकचा आवाज येतो. जुन्या स्लिपरचा पातळ तुकडा मागच्या टोकाला चिकटवा, आवाज गायब.

तिसरा पर्याय सोलेनॉइडचा, म्हणजे वीज दिली की लोखंडी दांडा आत खेचणारं विजेचं चुंबक. झटका उत्तम, पण परतीला स्प्रिंग तेवढ्याच जोरात पुढे आणते. आणि लांब सरकणारं सोलेनॉइड मोठं, जड आणि बॅटरी खाणारं असतं.

बसवताना लोक कुठे चुकतात?

पहिली चूक, यंत्रणा टरेटच्या तळाला स्क्रूनं बसवणं. नळी सरळ असताना सगळं चालतं. नळी वर केली की तार वाकडी होते आणि नळी अडकते. यंत्रणा नेहमी नळीबरोबर वर-खाली होणाऱ्या भागावरच बसवायची.

दुसरी चूक, जड नळी. भरीव पितळेची नळी हातात घ्यायला भारी वाटते. पण ती झटक्यात हलवायला जोर जास्त लागतो, थांबवायलाही जास्त लागतो आणि पुढे वजन आल्यामुळे नळी मान टाकते. अॅल्युमिनियमची पातळ पोकळ नळी घ्या, ती सरकायला बाहेरून बेताची पितळी नळी. तेल नको, त्याला धूळ चिकटते. पेन्सिलच्या शिशाची पूड चोळा.

तिसरी चूक, नळीच्या तोंडाशी लावलेल्या एलईडीची वायर. दर बाराला नळी सरकते, वायर वाकते आणि आठवड्यात तुटते. मऊ सिलिकॉनची वायर वापरा आणि आत तिचा एक सैल वेढा ठेवा.

चौथी चूक, क्रम. खऱ्या तोफेत नळी काही सेंटिमीटर मागे गेलेली असते तोवर गोळा बाहेर पडलेला असतो. म्हणजे उजेड आधी किंवा बरोबर, नळी नंतर. उलटं झालं तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. डीएफप्लेयर मिनीसारखी आवाजाची स्वस्त पट्टी आदेश मिळाल्यावर वाजायला थोडा वेळ घेते. म्हणून आधी आवाजाला आदेश द्या, क्षणभर थांबा, मग उजेड आणि नळी एकदम सोडा. किती थांबायचं ते कानानं ठरवा.

शेवटचा मसाला म्हणजे अख्ख्या टँकचा हिसका. नळी मागे जाते त्याच क्षणी दोन्ही पट्ट्यांच्या मोटर सेकंदाचा दहावा भाग उलट्या फिरवायच्या. टँक मागे दबून सावरल्यासारखा दिसतो. हे टँक थांबलेला असतानाच करा. पुढे धावत असताना केलं तर प्लॅस्टिकच्या गिअरचे दात जातात.

स्थापनेच्या आदल्या रात्रीचा घोळ

आता खरी परीक्षा. स्थापनेच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता सगळं जोडून झालं. टँक पुढे आला, टरेट फिरलं, तोफ डागली आणि टँक मेला. दोन सेकंदांनी आपोआप जिवंत झाला. पुन्हा तोफ, पुन्हा बेशुद्ध.

रिमोट बदलला, वायरी बदलल्या, एकमेकांवर ओरडून झालं. कारण निघालं साधं. सर्वो झटक्यात सुरू होताना खूप करंट ओढते. आम्ही सर्वो, आर्डुइनो आणि रिसीव्हर एकाच पाच व्होल्टच्या लाईनवर ठेवले होते. सर्वोनं घोट घेतला की बाकीच्यांचं व्होल्टेज पडायचं आणि रिसीव्हर रिसेट व्हायचा. घरी मोटरपंप सुरू झाला की दिवे मंद होतात, तसंच.

उपाय दोन. सर्वोला बॅटरीवरून वेगळा पाच व्होल्टचा रेग्युलेटर द्यायचा, मात्र सगळ्यांची निगेटिव्ह वायर एकत्र ठेवायची. आणि सर्वोच्या जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, प्लस-मायनस बघून. तो छोट्या टाकीसारखा ऐनवेळी करंट पुरवतो. कपॅसिटर आम्हाला रात्री एक वाजता मित्राच्या घरातल्या जुन्या टीव्हीच्या बोर्डात सापडला.

पहाटे तीनला टँकनं सलग वीस बार काढले आणि एकदाही झोपला नाही.

तुम्हाला बनवायचा असेल तर

वस्तू सगळ्या मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला भारतात वेगळा परवाना लागत नाही.

पण तीन गोष्टी पाळा.

एक, नळीत फटाक्याची दारू किंवा टिकल्या भरून 'खरा' बार काढायला जाऊ नका. पातळ नळी फुटली तर तिचे तुकडे उडतात आणि समोर लहान पोरं वाकून बघत असतात.

दोन, बाजारातले काही टँक ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतात. गर्दीत ते वापरू नका. डोळ्याला लागलं तर कायमची इजा होऊ शकते.

तीन, लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली असेल तर ती बाजूला काढा. चार्जिंग लावून झोपू नका, खास करून कापडी मंडपात.

आणि बनवायच्या आधी खरा रणगाडा एकदा जवळून बघा. त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे आपला विजयंता आहे, १९६५ मध्ये लढलेला सेंच्युरियन आहे आणि पॅटनही आहे. नळी जिथून चिलखताबाहेर येते, तिथे वाकून बघा. एवढं लोखंड मागे सरकायचं, आणि आत त्याच्या शेजारी माणूस बसलेला असायचा.

आबांनी हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. देखावा सुरू झाला तेव्हा ते पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. जीपच्या तोफेमागून धूर निघाला, नळी हलली नाही. पॅटननं बार काढला, नळी झटक्यात आत गेली आणि सावकाश बाहेर आली. आबांनी मान हलवली.

"तोफ चालली की आत बसणाऱ्याचा हात नळीच्या वाटेत नको, हे पयल्या दिवशी शिकवत्यात," ते म्हणाले. "तुमच्या टँकात माणूस न्हाय, म्हणून तुम्हाला मजा वाटती."

मग थोडं थांबून म्हणाले, "आता बराबर हाय. परत एकदा डागा बघू."